गाडी गेली का हो?

बसथांब्यावर दोन अनोळखी माणसे एकमेकांशी जे पहिले वाक्य बोलतात, ते बहुधा ठरलेले असते. ‘अमुक नंबरची गाडी गेली का हो?’ नुकत्याच आलेल्या माणसाने आधीपासून उभ्या असलेल्या माणसाला विचारलेला हा प्रश्न असतो आणि ‘मी आल्यापासून तरी नाही’ यापलीकडे त्याला उत्तर मिळत नाही. मुंबईच्या रस्त्यावर पहिली बस धावली ती १५ जुलै १९२६ रोजी. तेव्हापासूनच्या जवळपास शंभर वर्षांत ट्राम गेली, दुमजली गाड्या आल्या, वातानुकूलित आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, तिकिटे कागदावरून मोबाइलवर गेली. थांब्यावरचा हा प्रश्न मात्र जसाच्या तसा आहे. शहरी सार्वजनिक वाहतुकीत डिजिटल तंत्रज्ञानाने काय साधले याचा हिशेब मांडायचा, तर तो या प्रश्नापासून मांडावा, असे मला वाटते.

काही महिन्यांपूर्वी संध्याकाळी मी एका थांब्यावर उभी होते. शेजारी साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने शाळेच्या गणवेशातल्या नातवाचा हात धरलेला. माझ्या हातात मोबाइल पाहून त्या म्हणाल्या, ‘ताई, तुमच्या मोबाइलमध्ये दिसतं का बघा ना, गाडी येतेय का ते.’ मी पाहिले. चार मिनिटांत गाडी येईल, असे ॲप सांगत होते. मी त्यांना तसे सांगितले. तेवढ्यात समोर एक शेअर रिक्षा थांबली, त्यात एक जागा होती, नातवाला मांडीवर घेऊन त्या जाऊ शकल्या असत्या. पण दहा रुपयांत बस येत असताना रिक्षाला जास्त पैसे कशाला द्यायचे, म्हणून त्यांनी ती सोडली. चाराची तीन मिनिटे झाली, तिनाची दोन झाली आणि मग पडद्यावरून ती गाडीच नाहीशी झाली. पुढची गाडी बावीस मिनिटांनी होती. त्या बाई मला काही बोलल्या नाहीत. मात्र मी काही सांगितलेच नसते, तर त्या एव्हाना घरी पोहोचल्या असत्या, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

त्या संध्याकाळी बिघडले ते यंत्र नव्हते. यंत्राकडून काय करून घ्यायचे याचा क्रम बिघडला होता. आपल्या शहरांत डिजिटल तंत्रज्ञान आधी भाडे गोळा करण्यासाठी आले, मग गाड्यांवर देखरेख ठेवण्यासाठी आले आणि प्रवाशाला माहिती देण्याचे काम त्याच्याकडे सर्वांत शेवटी, उरलेल्या वेळात सोपवले गेले. हा क्रम उलटा व्हायला हवा. गाडी कुठे आहे, केव्हा येणार आहे आणि येणार नसेल तर येणार नाही, ही माहिती प्रवाशाला मिळणे ही सेवेची पहिली पायरी आहे. तिकीट ही त्यानंतरची गोष्ट.

भाडेवसुलीत झालेल्या सुधारणांना मी कमी लेखत नाही. वाहकाच्या हातातली पत्र्याची पेटी आणि तिकिटाला भोक पाडणाऱ्या पंचाची टिकटिक ज्यांनी ऐकली आहे, त्यांना सुट्ट्या पैशांवरून रोज होणारी वादावादीही आठवत असेल. पुण्यात पीएमपीच्या वाहकांकडे २०२३ मध्ये यूपीआयची सोय आली आणि त्या वादावादीचे मोठे कारण संपले. मुंबईच्या लोकलचे तिकीट मोबाइलवर देणारे यूटीएस ॲप २०१४ च्या अखेरीस आले, तेव्हा त्याने रोजच्या प्रवाशाच्या आयुष्यातली खरोखरची रांग कमी केली. या ॲपमागचा विचारही पाहण्यासारखा होता. तपासनीस समोर दिसताच कोणी फलाटावर उभ्या उभ्या तिकीट काढू नये, म्हणून रुळांपासून ठरावीक अंतराच्या आत ते तिकीट देतच नसे. नंतर स्थानकात क्यूआर कोड लावून तीही अडचण दूर केली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘मुंबई वन’ ॲपने लोकल, मेट्रो, मोनोरेल आणि मुंबई महानगर प्रदेशातल्या पालिकांच्या बससेवा अशा अकरा सेवांची तिकिटे एका ठिकाणी आणली, हेही योग्यच झाले. पण तिकीट काढण्यात प्रवाशाची फार तर दोन मिनिटे जातात आणि थांब्यावर वीस-पंचवीस. वाचवायचा वेळ कुठे पडून आहे, हे यावरून दिसते.

याचे उत्तर शोधायला परदेशात जाण्याची गरज नाही. मुंबईच्या रेल्वे फलाटावरचा इंडिकेटर पाहावा. गाडी कुठली, धीमी की जलद, बारा डब्यांची की पंधरा डब्यांची आणि किती मिनिटांत येणार, एवढे तो सांगतो. जिना उतरता उतरता माणूस एकदा मान वर करतो आणि त्याचे सगळे निर्णय होतात : ही पकडायची की सोडायची, धावायचे की चालायचे, पुढे जाऊन उभे राहायचे की मधल्या डब्यासाठी इथेच थांबायचे. त्यासाठी मोबाइल लागत नाही, इंटरनेट लागत नाही, इंग्रजी यावे लागत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी उद्घोषणा असते. मुंबईकराच्या मनात हा इंडिकेटर इतका रुजलेला आहे की लोकलचे वेळापत्रक हातात देणारे एक खासगी ॲप २०१० मध्ये आले, तेव्हा त्याने नावसुद्धा ‘एम-इंडिकेटर’ असेच घेतले आणि ते घराघरांत गेले. रेल्वेच्या प्रवाशाला फलाटावर जे मिळते, ते बसच्या प्रवाशाला थांब्यावर का मिळू नये? काही थांब्यांवर असे फलक लागले आहेत, हे खरे. पण थांबा म्हटला की फलक असणारच, अशी खात्री अजून कुठल्याच शहरात नाही.

बसचे गणित लोकलपेक्षा अवघड आहे, हे मान्य करायला हवे. लोकलला स्वतःचे रूळ आहेत. बसला रस्त्यावरचा खड्डा, लग्नाची वरात, दुहेरी पार्किंग आणि पाण्याखाली गेलेला सखल भाग यांतून वाट काढायची असते. पण याच कारणासाठी बसला तंत्रज्ञानाची गरज अधिक आहे. ‘अर्धा तास एकही गाडी नाही आणि मग एकदम तीन’ ही तक्रार ज्याने केली नाही, असा बसप्रवासी सापडायचा नाही. यात चालकाचा आळस नसतो. एखादी गाडी सिग्नलवर दोन मिनिटे अडकते. त्यामुळे पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसे जमतात. ती चढण्या-उतरण्यात आणखी वेळ जातो, म्हणून त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी होते. तिच्या मागच्या गाडीला मात्र थांब्यांवर माणसेच मिळत नाहीत, म्हणून ती भराभर पुढे सरकत पहिलीला गाठते. न्यूएल आणि पॉट्स या अभ्यासकांनी हे १९६४ सालीच गणिताने मांडून दाखवले. म्हणजे कोणी मुद्दाम सावरले नाही, तर गाड्या आपोआप एकमेकींना चिकटतात.

या चिकटण्याची किंमत किती, ते कागदावर मांडून पाहता येते. एका मार्गावर अर्ध्या तासात तीन गाड्या आहेत, असे धरू. त्या दर दहा मिनिटांनी आल्या, तर कधीही थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच तीन गाड्या एकामागोमाग आल्या, तर सरासरी पंधरा मिनिटे. गाड्या तेवढ्याच, चालक-वाहक तेवढेच, इंधनाचा खर्च तेवढाच. प्रवाशाचे थांबणे मात्र तिप्पट. शिवाय पहिल्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि तिसरी रिकामी धावते. प्रत्येक गाडी कुठे आहे हे ज्या क्षणी नियंत्रण कक्षात दिसते, त्या क्षणी हे सावरण्याची शक्यता निर्माण होते. मागच्या गाडीला शेवटच्या थांब्यावर चार मिनिटे धरून ठेवता येते, एखादी गाडी मध्येच वळवून उलट दिशेने पाठवता येते, एखादी जादा गाडी मधल्या थांब्यावरून सोडता येते. धरून ठेवलेल्या गाडीतली माणसे वैतागतील, हे उघड आहे. म्हणून ‘पुढची गाडी जवळच आहे, अंतर राखण्यासाठी थांबलो आहोत’ एवढे गाडीतच सांगितले गेले पाहिजे. माणसे कारण कळल्यावर थांबतात. कारण न कळता थांबवल्यावर चिडतात.

इथे पैशाचाही प्रश्न आहे आणि तो फारसा बोलला जात नाही. आपल्याकडे भाडेतत्त्वावर घेतलेल्या गाड्यांचा मोबदला मुख्यतः किलोमीटरवर ठरतो. तीन गाड्या जोडीने धावल्या काय आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने धावल्या काय, किलोमीटर तेवढेच भरतात. जे मोजले जाते त्याचेच पैसे मिळत असतील, तर प्रवाशाच्या थांबण्याची काळजी कोण करणार? लंडनमध्येही बस खासगी कंपन्याच चालवतात. पण वर्दळीच्या मार्गांवर प्रवाशाला ठरल्यापेक्षा किती जादा थांबावे लागले हे मोजतात आणि त्यावर कंपनीला बक्षीस किंवा दंड ठरतो. हे मोजणे जीपीएसमुळे सोपे झाले आहे आणि जीपीएस आपल्याही गाड्यांत आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवणे केंद्राच्या नियमाने बंधनकारक केले आहे. म्हणजे यंत्रासाठी खर्च झालेला आहे, माहिती दर काही सेकंदांनी तयार होते आहे. तिचा उपयोग कोणासाठी करायचा, एवढेच ठरवायचे बाकी आहे.

ही माहिती सार्वजनिक पैशातून तयार होते, म्हणून ती सार्वजनिक असली पाहिजे. गाड्यांची वेळापत्रके आणि थांबे एका ठरावीक रचनेत मांडून सर्वांना खुले करण्याची पद्धत २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून सुरू केली. जीटीएफएस या नावाने ती आज जगभर वापरली जाते. दिल्ली सरकारच्या परिवहन विभागाने तिथल्या इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने २०१८ मध्ये बसगाड्यांचा चालू ठावठिकाणा अशाच रीतीने खुला केला. कोणीही तो घ्यावा आणि त्यावर आपले ॲप उभारावे. महाराष्ट्रातल्या शहरांत चित्र वेगळे दिसते. तिकिटाचे आणि ठावठिकाण्याचे काम कंत्राटाने दिले जाते, कंत्राट बदलले की ॲप बदलते, जुने कार्ड निरुपयोगी होते आणि वर्षानुवर्षांची माहिती कोणाकडे राहिली, हे विचारायलाही कोणी उरत नाही. निविदेतच एक कलम असावे की माहितीची मालकी परिवहन उपक्रमाची राहील, ती खुल्या रचनेत विनामूल्य उपलब्ध असेल आणि कंत्राट संपताना पूर्णपणे परत मिळेल. हे कलम लिहायला पैसे लागत नाहीत.

खुलेपणाइतकाच महत्त्वाचा खरेपणा आहे. अनेक ॲपमध्ये गाडीचा ठावठिकाणा मिळत नसेल, तर वेळापत्रकातली वेळ दाखवली जाते आणि ती अशा थाटात दाखवली जाते की प्रवाशाला ती प्रत्यक्षातली वाटावी. त्या संध्याकाळची आमची चार मिनिटे बहुधा अशीच आली असावीत. ‘वेळापत्रकानुसार’ आणि ‘प्रत्यक्षात’ हा फरक पडद्यावर ठळक दिसलाच पाहिजे. आगारातून गाडी निघालीच नाही, तर ‘ही फेरी रद्द’ हे तीन शब्द तत्काळ थांब्यावर पोहोचले पाहिजेत. ही बातमी कोणालाही आवडणार नाही. पण ती कळली, तर बाई रिक्षात बसतील, विद्यार्थी दुसऱ्या मार्गाची गाडी धरेल, दवाखान्यात निघालेला माणूस घरी फोन करेल.

‘आधी गाड्या आणा, मग ॲपचे बोला’ असा आक्षेप यावर घेतला जातो आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. बेस्टकडे एकेकाळी साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. २०२५ मध्ये ती संख्या तीन हजारांच्याही खाली होती. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा-मापदंडांत उत्तम सेवेसाठी लाख लोकांमागे ६० बसगाड्या धरल्या आहेत. २०११ च्या जनगणनेतली मुंबईची १ कोटी २४ लाख लोकसंख्या घेतली, तरी हा आकडा ७,४०० च्या पुढे जातो. लोकल आणि मेट्रोमुळे त्यात कितीही सूट दिली, तरी तूट लपत नाही. कुठलेही ॲप नसलेली गाडी आणू शकत नाही आणि गाड्यांच्या कपातीवर पांघरूण म्हणून कोणी ॲप पुढे करत असेल, तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. दर तीन मिनिटांनी गाडी असेल, तर माहितीची गरज कमी भासते; गाड्या विरळ झाल्या की तीच माहिती जास्त मोलाची होते. शिवाय किती फेऱ्या ठरल्या होत्या, किती झाल्या, किती आणि का रद्द झाल्या, हे मार्गवार रोज जाहीर होऊ लागले, तर जादा गाड्यांची मागणी करणाऱ्यांच्या हातात पहिल्यांदाच पक्का पुरावा येईल. आज नगरसेवकाकडे किंवा आगारप्रमुखाकडे तक्रार नेणारा प्रवासी ‘फार वेळ थांबावे लागते’ एवढेच म्हणू शकतो. त्याला ‘गेल्या महिन्यात या मार्गाच्या इतक्या फेऱ्या निघाल्याच नाहीत’ असे म्हणता आले पाहिजे.

दुसरी काळजी मोबाइल नसलेल्यांची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनीच आपल्याकडे स्वतः वापरायचा मोबाइल असल्याचे सांगितले होते. शहरांत हे प्रमाण जास्त असणार आणि आता ते वाढलेही असणार. पण स्वतःचा मोबाइल असणे आणि त्यात दिवसभर चार्जिंग, डेटा व ॲप चालवण्याचा सराव असणे यांत अंतर आहे. बसने प्रवास करणाऱ्यांत हे अंतर असलेली माणसे सर्वाधिक असतात, कारण ज्याला दुसरे साधन परवडते तो बससाठी थांबत नाही. म्हणून रोख पैसे घेणे बंद होता कामा नये आणि माहितीचा मुख्य पडदा थांब्यावरच असला पाहिजे. अंध प्रवाशांसाठी आयआयटी दिल्लीने ‘ऑनबोर्ड’ नावाचे साधन तयार केले आहे. मुंबईत बेस्टच्या गाड्यांवर त्याची चाचणीही झाली. जवळ आलेल्या गाडीचा क्रमांक ते हातातल्या यंत्रावर बोलून सांगते आणि बटण दाबले की गाडीच्या दारापाशी आवाज होतो, त्या आवाजाच्या रोखाने माणूस दारापर्यंत पोहोचतो. ‘कुठली गाडी आली?’ असे दर गाडीला विचारण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना यातून काय मिळते, हे डोळसांना सांगून कळणे कठीण आहे.

भाषेचेही तसेच. दादरच्या एका चौकाला लोक आजही ‘टीटी’ म्हणतात. ट्राम टर्मिनस म्हणून पडलेले हे नाव ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम थांबल्यानंतरही टिकून आहे, मग अधिकृत नाव खोदादाद सर्कल असो. ‘टीटी’ लिहिल्यावर जे ॲप गोंधळते, ते या शहरासाठी तयार झालेले नाही. इंग्रजीतून यंत्राने उलटवलेली, वाचताना अडखळायला लावणारी थांब्यांची मराठी नावे पडद्यावर दिसतात, तेव्हा ती तपासायला एखादा जुना वाहकही बसवलेला नव्हता, हे लगेच कळते.

भाड्याच्या बाबतीतही तंत्रज्ञानाकडून एक मोठे काम अजून करून घेतलेले नाही. दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या आणि तशाच परतणाऱ्या घरकामगार स्त्रीला किमान दहा रुपयांच्या दराने दिवसाला चाळीस रुपये पडतात. मासिक पास स्वस्त पडतो, हे तिला चांगले ठाऊक असते. पण महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी पैसे बाजूला काढणे तिला जमत नाही. परिणामी ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला प्रवास स्वस्त आणि जिच्याकडे नाहीत तिला महाग, अशी स्थिती होते. लंडनमध्ये २००५ पासून कार्डावर दिवसाची कमाल मर्यादा लागू आहे. मर्यादेपर्यंत भाडे कापले जाते, त्यापुढच्या फेऱ्या विनामूल्य होतात. २०१६ पासून तासाभरात बस बदलली, तर दुसऱ्या बसचे भाडेही लागत नाही. पासाचा फायदा पास न काढता मिळतो. आपल्याकडच्या कार्डांत आणि ॲपमध्ये हे करण्याची तांत्रिक क्षमता आहे. निर्णय व्हायचा आहे. तो होताना कोण कुठे चढले आणि कुठे उतरले याच्या नोंदी व्यक्तीच्या नावाशी न जोडता ठेवाव्यात आणि ठरावीक मुदतीनंतर पुसाव्यात, ही अटही सोबत यायला हवी.

सगळ्या थांब्यांवर फलक एकदम लागणार नाहीत. पण कुठून सुरुवात करायची हे ठरवायला समिती नेमण्याची गरज नाही. परळमध्ये केईएम आणि टाटा रुग्णालयांबाहेरचे थांबे आहेत, पुण्यात ससूनबाहेरचे आहेत. तिथे उभी असलेली बरीच माणसे त्या शहरातली नसतात. त्यांच्या हातात फाइल आणि औषधांची पिशवी असते, सोबत उभे राहू न शकणारे कोणीतरी असते आणि गाडी किती वेळात येईल यावर तिथेच थांबायचे की टॅक्सीला पैसे घालायचे, हे त्यांना ठरवायचे असते. पहिला फलक तिथे लागावा. तो मराठीत असावा, दुरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत असावा, आणि गाडी येणार नसेल तेव्हा त्याने तसे स्पष्ट सांगावे.